कागदावरचा गोवा सुटायला आणखी तेरा वर्षे लागली

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

भारत आणि पोर्तुगाल यांच्या राजनैतिक संबंधांच्या पन्नाशीनिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिस्बनला गेल्या, त्या वेळी दोन्ही देशांनी मिळून टपाल तिकिटे काढली, पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे, ही सारी माहिती लेखात नेटकेपणाने आली आहे. मात्र त्यातली दोन विधाने मला खटकली. ‘१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचा प्रश्न कायमचा मिटला’ हे पहिले आणि ‘दोन्ही देशांचे संबंध १९७५ मध्ये सुरू झाले’ हे दुसरे. सुटी सुटी वाचली तर ती निरुपद्रवी वाटतात. पण एकापाठोपाठ वाचली की १९६१ पूर्वी दिल्ली आणि लिस्बन यांच्यात बोलाचाली नव्हतीच, आणि १९६१ नंतरची तेरा वर्षे कोणाचे काही अडले नाही, असा समज होतो. मी सावंतवाडी तालुक्यातील एका शाळेत तीसेक वर्षे इतिहास शिकवला. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका आमच्या बांद्यापासून अगदी जवळ. त्यामुळे या गोष्टीचा शेवट कोणत्या तारखेला धरायचा याबाबत मी जरा हट्टी आहे, हे आधीच कबूल करतो.

संबंध १९७५ मध्ये सुरू झाले नाहीत, ते पुन्हा जोडले गेले. स्वतंत्र भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध १९४९ मध्येच प्रस्थापित केले होते आणि लिस्बनमध्ये आपली वकिलातही उघडली होती. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने पोर्तुगीज सरकारकडे रीतसर टिपण पाठवून आपल्या भूमीवरील पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याबाबत बोलणी सुरू करण्याची विनंती केली. हा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही, असे लिस्बनचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने राज्यघटनेत दुरुस्ती करून ‘वसाहती’ हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी ‘सागरापलीकडील प्रांत’ असा शब्दप्रयोग बसवला. वरकरणी ही शब्दांची हेराफेरी. पण तिच्यामागचा हिशेब पक्का होता. वसाहत कधी ना कधी सोडावी लागते, प्रांत कोणी सोडत नाही, आणि प्रांताबाबत परक्या देशाशी वाटाघाटी करणे म्हणजे स्वतःच्या देशाचे तुकडे पाडण्यास राजी होणे. पणजी आणि पोर्तो यांच्यात घटनेच्या दृष्टीने काही फरकच उरला नाही. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त निवेदनात पूर्वेकडील ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख आला तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ उडाला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या एका शब्दात पोर्तुगालची अख्खी बाजू मान्य केल्यासारखे झाले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी ठराव करून गोव्यासह सर्व पोर्तुगीज प्रदेशांची नावे स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातली, तेव्हा कोठे ‘प्रांत’ या शब्दाची हवा निघाली.

मधल्या काळात भारताने ११ जून १९५३ रोजी लिस्बनमधील वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि त्याच महिन्यात उरलेसुरले राजनैतिक संबंधही तुटले. पत्रादेवीच्या त्या दिवसाबद्दल आमच्या भागात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही. मला ज्याबद्दल लिहायचे आहे ती गोष्ट त्यानंतर हेगमध्ये घडली. ती महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट जोडलेली असूनही शाळेच्या एकाही पुस्तकात मला कधी सापडली नाही.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि तिसऱ्याच दिवशी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा दाखल केला. (सहा वर्षांनी हीच १९ डिसेंबर ही तारीख लिस्बनला वेगळ्या कारणाने आठवावी लागली.) दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्यासाठी भारतीय भूमीतून वाट मिळणे हा आपला हक्क आहे आणि भारताने ती वाट अडवली, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. इतक्या घाईने लावलेल्या दाव्याला भारताने प्राथमिक आक्षेप घेतले. ते फेटाळले गेले आणि खटला मुळापर्यंत चालला. आता दादरा-नगर हवेलीवर पोर्तुगालचा मूळ हक्क काय, असा प्रश्न आला, तेव्हा पोर्तुगालने पुढे केला तो १७७९ सालचा पुण्याचा तह. सवाई माधवराव गादीवर होते, कारभार नाना फडणवीस पाहत होते, आणि त्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे ठरवले होते. त्यानंतर १७८३ आणि १७८५ मध्ये निघालेल्या सनदांनी गावे नेमून दिली. पावणेदोनशे वर्षांनी हेच कागद नेदरलँड्समधल्या न्यायालयात उलगडले गेले आणि जगभरातून आलेले न्यायाधीश पेशवाईतील एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ काय यावर विचार करत बसले.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, पेशव्यांनी तो मुलूख सार्वभौमत्वासह दिला. भारताचे म्हणणे असे की, दिला तो फक्त वसूल. न्यायालयाने तह वैध धरला, पण त्यातील भाषा पाहून निर्णय दिला की पेशव्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम या प्रकारची, केवळ उत्पन्न भोगण्याची देणगी होती. अशा देणगीचा अर्थ भूमीवरील राजसत्ता सोडून देणे असा कोणी कधी लावल्याचे एकही उदाहरण आपल्यासमोर आलेले नाही. माझ्यासारख्या, सरंजाम आणि इनाम यांतला फरक सातवीच्या मुलांना समजावून देताना घसा कोरडा पडलेल्या माणसाला हे वाचून किती समाधान वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकाल. अर्थात गोष्ट एवढ्यावर संपली नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगीजांचा ताबा सार्वभौम म्हणून चालवून घेतला, आणि पुढे सव्वाशे वर्षे खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा अखंड चालू राहिली. या वहिवाटीच्या आधारे १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने ठरवले की १९५४ मध्ये तेवढ्यापुरता पोर्तुगालचा हक्क होता. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना असा हक्क नव्हता. हा दुसरा मुद्दा आठ विरुद्ध सात अशा एका मताने निघाला. भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केलेला नाही, हेही न्यायालयाने नऊ विरुद्ध सहा मतांनी सांगितले. भारतातर्फे नेमलेले खास न्यायाधीश म्हणून या खटल्यात बसले होते ते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला.

हा निकाल कोणी जिंकला, असे विद्यार्थी विचारीत. पोर्तुगालला हक्क मिळाला, पण शिपाई नेता येणार नसतील तर त्या हक्काचा गेलेला मुलूख परत घेण्यासाठी काडीचाही उपयोग नव्हता. भारताला दोष लागला नाही, पण आपल्या मुलखातून दुसऱ्याची वाट होती, हे ऐकून घ्यावे लागले. दोन देशांमधील दीर्घ वहिवाटीतूनही कायदा निर्माण होऊ शकतो, या तत्त्वासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही हा खटला शिकवतात. आपल्या लेखात त्याला एक ओळही मिळू नये, याचे वाईट वाटले.

१९६१ च्या लष्करी कारवाईबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. मुख्य कारवाई सुमारे छत्तीस तासांत आटोपली. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत जे झाले ते मात्र आपण विसरत चाललो आहोत. युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक अशी चार. सोव्हिएत संघाचे मत नकाराधिकाराचे असल्याने ठराव पडला. म्हणजे परिषदेत बहुमत आपल्या विरुद्ध होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांनी तेथे घेतलेली भूमिका अशी होती की पोर्तुगालची गोव्यावरील सत्ता मुळापासूनच बेकायदा आहे, ती साडेचारशे वर्षे टिकली म्हणून कायदेशीर होत नाही, आणि म्हणून सीमा ओलांडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तेरा वर्षांनी करार लिहिताना तिचे काय करायचे, हा पेच दिल्लीपुढे उभा राहणार होता.

आता त्या तेरा वर्षांकडे वळतो. रणांगणावर गोवा सुटला, पण लिस्बनच्या दप्तरात तो पोर्तुगालचाच राहिला. शेवटपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा हुकूम न मानता शरणागती पत्करणारे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना मायदेशी परतल्यावर सैन्यातून काढून टाकण्यात आले. सन्मान परत मिळण्यासाठी त्यांना १९७४ पर्यंत वाट पाहावी लागली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात होते आणि त्यांची पाठवणी मे १९६२ पर्यंत रखडली. इकडे पोर्तुगालने त्याचा सूड आपल्या ताब्यातील मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर उगवला, त्यांना छावण्यांत डांबले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. आयुष्यभर दुकान चालवणाऱ्या त्या बहुतांश गुजराती कुटुंबांचा गोव्याशी काडीचाही संबंध नव्हता. दोन देशांमध्ये राजदूत नसला की सामान्य माणसाची गाऱ्हाणी तिसऱ्या देशाच्या दारातून फिरून जातात आणि वाटेत त्यांचा जीव जातो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

किंवा आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून राहिले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले आणि पुढे त्यांना पोर्तुगालमधील काशियासच्या तुरुंगात नेण्यात आले. (‘तुरुंग’ हा शब्दही मराठीने पोर्तुगीजांकडूनच घेतला आहे, हा योगायोग येथे फार बोचतो.) १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीत तिरंगा चढला, तेव्हा ज्यांच्या सुटकेचा तो दिवस असायला हवा होता ते रानडे लिस्बनजवळच्या कोठडीत होते आणि त्यानंतर आणखी सात वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. भारताचा राजदूत तेथे नव्हता, त्यांची चौकशी करायला कोणी अधिकारी जाऊ शकत नव्हता. इकडे सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमोचन समिती स्थापन करून प्रयत्न चालू ठेवले, आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्करेन्यस तर त्यांच्याही नंतर, १९७० मध्ये. ‘प्रश्न कायमचा मिटला’ हे वाक्य या दोन माणसांसमोर म्हणून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

सालाझार १९६८ मध्ये सत्तेवरून दूर झाले, १९७० मध्ये वारले, पण त्यांच्या उत्तराधिकाऱ्यानेही हा हट्ट सोडला नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुले खोचली, आणि नऊ महिन्यांच्या आत नवे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश दिल्लीत आले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार झाला. भारताच्या बाजूने त्यावर सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ते खाते त्यांच्याकडे येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गोवा मुक्त झाला तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही या वादात, त्यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात गोव्याकडे पाहण्याची आपली दृष्टी इतकी गुंतून पडली की याच माणसाच्या हातून गोव्याचा आंतरराष्ट्रीय कागद पुरा झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात जवळजवळ कोणाच्याच ध्यानात राहिली नाही.

त्या कराराचे पहिले कलम मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगाल मान्य करतो, आणि ते केव्हापासून, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून. आता या तारखा कोणत्या? घटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार दादरा-नगर हवेलीची ११ ऑगस्ट १९६१, आणि बाराव्या दुरुस्तीनुसार गोवा, दमण व दीवची २० डिसेंबर १९६१. १९ डिसेंबर नव्हे, २० डिसेंबर. दादरा-नगर हवेलीच्या तारखेला तर आणखी एक मौजेची पार्श्वभूमी आहे. १९५४ पासून सात वर्षे तो मुलूख ना पोर्तुगालचा ना भारताचा, स्वतःच्या वरिष्ठ पंचायतीने चालवलेला होता, आणि विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंसमोर सही करायला कोणीतरी अधिकृत प्रमुख हवा म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला तेथे औटघटकेचे पंतप्रधान करण्यात आले होते. असो. मुद्दा असा की या शब्दरचनेमुळे भारताला १९७४ पासून नव्हे तर १९६१ पासूनची मान्यता मिळाली आणि मधल्या तेरा वर्षांतील आपला कारभार लिस्बनच्या दृष्टीनेही कायदेशीर ठरला. पण त्याचबरोबर, १५१० पासून तुमची सत्ता बेकायदा होती, हे सुरक्षा परिषदेतले आपले म्हणणे करारात कोठेही उतरले नाही. त्याबाबत दोन्ही बाजूंनी मौन पाळले. माझ्या वाचनाप्रमाणे यशवंतराव आणि सोआरेश यांनी भूतकाळाचा निवाडा मुद्दामच टाळला आणि केवळ ताब्याची तारीख पक्की केली. काही मित्र याला माघार म्हणतात, मी म्हणणार नाही. जो वाद निकाली काढायला आणखी तेरा वर्षे लागली असती तो बाजूला ठेवून जे पदरात पाडून घेता येत होते ते त्यांनी घेतले.

याच करारात मालमत्तेचे आणि दाव्यांचे प्रश्न वाटाघाटींनी सोडवायचे ठरले होते. त्याला किती काळ लागला, हे गोव्यातील जुन्या कुटुंबांना विचारावे. लोकांनी कर्जापोटी पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने कारवाईपूर्वीच लिस्बनला हलवले गेले होते. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षे म्हणजे आईने ठेवलेली पाटली नातीच्या लग्नात हाती यावी एवढा काळ. त्यानंतर पुढच्याच प्रजासत्ताक दिनी, १९९२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष झालेले तेच सोआरेश दिल्लीच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते. पुढील भेटीगाठींचा तपशील आपल्या लेखात आला आहे, तो येथे पुन्हा देत नाही.

पण एक प्रकरण लेखकाने का वगळले, ते कळले नाही. कदाचित पन्नाशीच्या गोड लेखात ते कडू वाटले असेल. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. दोन्ही देशांत तेव्हा प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. पोर्तुगालने फाशीची शिक्षा १८६७ मध्ये आणि जन्मठेप १८८४ मध्ये रद्द केलेली असून तेथे कोणालाही पंचवीस वर्षांपेक्षा अधिक शिक्षा होत नाही. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की सालेमला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. त्या हमीवर नोव्हेंबर २००५ मध्ये तो आपल्या ताब्यात आला. पुढे अटींचा भंग झाल्याचे लिस्बनच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले, आणि आपल्याकडे ‘परक्या न्यायालयाने आम्हाला शिकवू नये’ असा सूर निघाला. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पोर्तुगालला दिलेला शब्द केंद्र सरकारला पाळावाच लागेल आणि पंचवीस वर्षे पूर्ण होताच सुटकेची प्रक्रिया करावी लागेल.

मुंबईत त्या दिवशी ज्यांची माणसे गेली त्यांचा संताप मी समजू शकतो, आणि त्यांच्यासमोर कायद्याचा कीस काढण्याचे धाडस मला होणार नाही. तरीही नागरिक म्हणून मला सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे पटते. ती हमी दिली नसती तर तो खटल्यासाठी मुंबईत आलाच नसता. ज्या देशाशी त्याआधी चाळीस वर्षे आपण सुरक्षा परिषदेत भांडलो होतो, त्याने आपल्या मंत्र्याच्या एका पत्रावर विसंबून आरोपी स्वाधीन केला, ही १९७४ च्या कराराची खरी कमाई आहे. प्रत्यार्पणाचा स्वतंत्र करार दोन्ही देशांनी त्यानंतर, जानेवारी २००७ मध्ये केला. सालेमची पंचवीस वर्षे २००५ पासून मोजायची आहेत, म्हणजे हा विषय २०३० मध्ये पुन्हा सर्वांच्या तोंडी येणार. तेव्हा आपल्या दैनिकाने वाचकांना ही पार्श्वभूमी आधीच सांगून ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्या गोवेकरांबद्दल लेखात ‘सोयीची निष्ठा’ असा शब्दप्रयोग आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा जन्मतः आपले नागरिक मानतो, आणि तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून तो हक्क सांगता येतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे एका माणसाचा एकच जन्म दोन देशांचे कायदे दोन प्रकारे वाचतात, आणि नुसती नोंद झाली म्हणजे नागरिकत्व गेले का, यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. हा गुंता त्या माणसाने निर्माण केलेला नाही. तो वर सांगितलेल्या कागदांतूनच आला आहे. इंग्लंडातील स्विंडनला गोदामात काम करणारा गोव्यातल्या सासष्टीचा मुलगा सालाझारच्या आठवणीने गहिवरून तेथे गेलेला नसतो, तो पगारासाठी गेलेला असतो. आणि ‘पगार’ हा शब्दही आपल्याला त्यांनीच दिला.

एक मागणी करून पत्र आवरते घेतो. १९७४ च्या करारात पोर्तुगीज भाषा व संस्कृती यांच्या प्रसाराचा आणि ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचाही उल्लेख आहे. गोव्यात त्यानुसार काही ना काही चालू असते. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, पणजीत फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे. महाराष्ट्राला मात्र या भाषेची गरज गोव्याहून कमी नाही. मराठ्यांच्या इतिहासाची किती साधने पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, हे इतिहास संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून दाखवून दिले. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, वसईची मोहीम, पुण्याचे तह, यांबाबत पोर्तुगीज व्हाइसरॉय आपल्या राजाला काय कळवत होते, ते सारे तेथे आहे. माझ्या संपूर्ण नोकरीत पोर्तुगीज मूळ कागद वाचू शकणारा एकही इतिहास शिक्षक मला भेटला नाही, आणि मीही तो नाही. हेगमध्ये ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ सिद्ध करावा लागला तेव्हा जुने कागद वाचू शकणारी माणसे आपल्याकडे होती. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांनी इतिहास विभागात या भाषेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम नियमित चालवावा, असा अग्रलेख आपण लिहिलात तर मी तो कापून जपून ठेवीन.

आणि एक किरकोळ दुरुस्ती. लेखासोबत छापलेल्या कराराच्या छायाचित्राखाली यशवंतराव चव्हाण यांचा उल्लेख ‘तत्कालीन संरक्षणमंत्री’ असा झाला आहे. ३१ डिसेंबर १९७४ रोजी ते परराष्ट्रमंत्री होते. संरक्षण खाते त्यांनी १९६६ मध्येच सोडले होते. पुढील अंकात ही दुरुस्ती द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
बांदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग